वाघिणीच्या अंगावरचे ठिपके: रिवेट प्रेस म्हणजे नेमकं काय भो?

घरातलं जुनं लग्नाचं भांडं काढा, स्टीलचा डबा, तांब्या, ताट काहीही चालेल, त्यावर नाव टाकलेलं असतं बघा ठिपक्या ठिपक्यांनी, "सौ. अमुक यांजकडून सप्रेम भेट". त्या नावावरून बाहेरून बोट फिरवलं तर खड्डे लागतात, आणि भांडं पातळ पत्र्याचं असलं तर आतून त्याच जागी बारीक बारीक पुळ्या लागतात. बस, रिवेट प्रेसचं, म्हणजे रेल्वेच्या छोट्या मॉडेलच्या पत्र्यावर रिवेटच्या डोक्यांसारखे ठिपके उठवायच्या मशीनचं, अर्धं शास्त्र इथंच संपलं. एका बाजूनं टोचायचं, दुसऱ्या बाजूला फुगवटा काढायचा. उरलेलं अर्धं म्हणजे तो फुगवटा तीनशे वेळा अगदी सारखा कसा काढायचा, आणि त्यातच माझी दोन वर्षं गेली.

मी भुसावळचा. वडील रेल्वेत फिटर होते, त्यामुळे आमच्याकडे मालगाडीच्या डब्याला कोणी डबा म्हणत नाही, वॅगन म्हणतात, आणि पेपरवाले तर वाघीण लिहितात. लहानपणी "केळीच्या वाघिणी रवाना" अशी बातमी वाचून मला वाटायचं सावद्याला सर्कस आली. आता रिटायरमेंटच्या उंबरठ्यावर मला ह्याच वाघिणी छोट्या बनवायचा नाद लागलाय. पितळी पत्र्याच्या, फुटाला चार मिलिमीटर ह्या मापात. हे माप ब्रिटनमध्ये फार चालतं, म्हणजे खरी वस्तू ७६.२ पट लहान करायची. आपल्यासाठी ह्यात एक गंमत आहे, आपलं ब्रॉडगेज साडेपाच फुटांचं म्हणून मॉडेलचा रूळ बरोब्बर २२ मिलिमीटर येतो, आणि आपली पाचोरा-जामनेरची छोटी पीजे गाडी अडीच फुटी रुळाची होती, ती बरोब्बर १० मिलिमीटर. एवढे सरळ आकडे खुद्द इंग्रजांच्या रुळालासुद्धा येत नाहीत, त्यांचे १८.८३ वगैरे येतात.

शेजारचे काका परवा खिडकीतून बघत म्हणाले, "हे काय करून राहिला भो, टिचबटणं लावतो का?" हसू आलं पण उपमा शंभर टक्के बरोबर होती, ते पुढे येईलच.

आधी हे रिवेट आले कुठून ते सांगतो. वेल्डिंग सर्रास व्हायच्या आधी लोखंडाचे दोन पत्रे जोडायचे म्हणजे भोक पाडून त्यात लाल तापवलेला रिवेट घालायचा, एका बाजूनं एकानं जड ठोकळा लावून धरायचा आणि दुसऱ्या बाजूनं दुसऱ्यानं ठोकून त्याचं डोकं गोल करायचं. गार होताना रिवेट आखडतो आणि पत्रे एकमेकांवर आवळून बसतात. वडील सांगायचे की रिवेट ढिला झालाय का हे हातोडीनं वाजवून कळतं, घट्ट असला तर खणखणीत वाजतो, ढिला असला तर भद्द. जुन्या वॅगनचे पत्रे, कोपऱ्याच्या पट्ट्या, खालची चॅसी, सगळीकडे ह्या रिवेटच्या रांगा असायच्या. नंतर वेल्डिंग आलं आणि रांगा गेल्या, आता कोळशाच्या मालगाडीतल्या वॅगनकडे बघा, रिवेटची ती दाटी दिसत नाही. ब्रिटनमध्ये १६ टनी कोळशाची वॅगन होती, लाखांनी बनली, तिच्यात रिवेटवाली आणि वेल्डिंगवाली अशा दोन्ही जाती होत्या, आणि मॉडेलमध्ये ह्या दोघींतला फरक लांबून ओळखायचा तर रिवेटवरूनच. म्हणून रिवेट चुकला की वॅगनची जातच बदलते. तिकडे ह्यावर फार जीव टाकणाऱ्या लोकांना चिडवायला "रिवेट मोजणारे" असा शब्दच आहे. मी मोजतो. लाज नाही.

आता माप बघा. खरा रिवेट पाऊण इंची धरला तर त्याचं गोल डोकं साधारण ३० मिलिमीटर रुंद आणि १३ मिलिमीटर उंच. ७६ नं भागा, ०.४ रुंद आणि ०.१७ उंच. म्हणजे खसखशीच्या दाण्याच्या निम्म्याहून बारीक. आणि दोन रिवेटमधलं अंतर एक-सव्वा मिलिमीटर. एवढ्या बारीक वस्तू वेगळ्या बनवून चिकटवायच्या म्हटलं तर माणूस वेडा होईल (काही जण तसंही करतात, त्यांना नमस्कार). त्यापेक्षा पत्र्यातूनच वर काढायच्या.

हा पत्रा साध्या दुकानातला नसतो, तो एचिंग केलेला, म्हणजे केमिकलनं कोरलेला असतो. ज्यांनी पॉलिटेक्निकला पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) बनवलाय त्यांना हे लगेच कळेल, तेच फेरिक क्लोराइड, तोच तपकिरी डाग जो शर्टावरून मरेपर्यंत जात नाही. पितळेच्या किंवा निकेल सिल्व्हरच्या पत्र्याला दोन्ही बाजूंनी उजेडानं घट्ट होणारा लेप लावतात, त्यावर ड्रॉइंगची फिल्म ठेवून अल्ट्राव्हायोलेट उजेड देतात, जिथं उजेड लागला तिथं लेप टिकतो, बाकीचा धुऊन जातो, आणि उघडा पडलेला धातू केमिकल खातं. खरी गंमत अशी की हे खाणं दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालतं. दुरडीतली भाकरी उंदरानं दोन्हीकडून कुरतडली असं समजा. जिथं वरूनही खाल्ली आणि खालूनही, तिथं आरपार भोक. जिथं एकाच बाजूनं खाल्ली तिथं अर्धी जाडी शिल्लक. ह्या अर्ध्या खाण्याला हाफ एच म्हणतात, आणि पुढची सगळी करामत त्याच्यावर आहे. घडी घालायची रेघ म्हणजे हाफ एच. फळीची खोबण म्हणजे हाफ एच. आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला, जिथं जिथं पुढे रिवेट पाहिजे तिथं, एक एक बारीक खळगी, तीही हाफ एचच.

ही खळगी म्हणजे किट (मॉडेलचे जोडायचे सुटे भाग) बनवणाऱ्यानं आपल्यासाठी ठेवलेली खूण. पंचाचं, म्हणजे टोचायच्या दांडीचं, टोक तिच्यात आपोआप बसतं, शिवाय तिथं धातू अर्धाच उरलेला असल्यामुळे फुगवटा सहज निघतो. माझ्या किटचा पत्रा ०.३८ मिलिमीटरचा, खळगीत राहिला ०.१९ च्या आसपास. आणि आपल्याला उंची पाहिजे ०.१७. थोडक्यात जेवढी जाडी उरलीय जवळजवळ तेवढंच त्याला ताणायचंय. थोडं कमी दाबलं तर पेंटखाली रिवेट गायब, थोडं जास्त दाबलं तर भोक.

काही किटवाले ही भानगडच ठेवत नाहीत, ते पुढच्या बाजूनं सगळा पत्रा अर्धा खाऊन टाकतात आणि रिवेटच्या जागा तेवढ्या शिल्लक ठेवतात. रिवेट आयते मिळतात. पण ते असतात कपाळावरच्या टिकलीसारखे, वरून सपाट, आणि बाकी सगळा पत्रा निम्मा पातळ होऊन लडबडतो. लांबून ठीक, तिरप्या उजेडात धरलं की कळतं. दाबून काढलेला रिवेट घुमटासारखा गोल असतो, त्याच्यावर एका बाजूनं उजेड आणि एका बाजूनं सावली पडते, आणि डोळ्याला तो लोखंडाचा वाटतो.

आता दाबायचं कशानं? सगळ्यात गरीब उपाय म्हणजे टोकदार सुई, खाली मऊ काहीतरी, आणि हातानं दाब. मी पहिलं किट तसंच केलं, खाली जुनी वही, हातात ग्रामोफोनची सुई पिनव्हाइसमध्ये (बारीक सुई पकडायच्या मुठीत) धरून. (ग्रामोफोनची सुई ह्या कामाला खरंच चांगली, कडक असते, टोक गोलसर असतं, जुन्या बाजारात सापडली तर घेऊन ठेवा.) पहिले वीस रिवेट झकास आले. मग हात दुखला, पुढचे तीस बारीक आले, मग लक्षात आल्यावर जोर लावला तर दोन आरपार गेले. ती साइड (वॅगनची बाजू) मी अजून ठेवलीय टेबलासमोर टांगून, शाळेत जसं चुकलेलं शुद्धलेखन दाखवतात तसं. वाचायला गेलं तर त्या रांगेत माझं अख्खं रविवारचं वेळापत्रक आहे, चहा कुठं झाला, लाइट कुठं गेली, सगळं दिसतं.

माणसाचा हात सारखा दाब देऊ शकत नाही हीच अडचण. त्यावर दोन तोडगे निघालेत. एक, वरून वजन सोडायचं. उभ्या दांड्यावर एक लोखंडी गोळा असतो, तो ठरलेल्या उंचीवर उचलून सोडायचा, खाली पंचावर आदळतो. वजन तेच, उंची तीच, म्हणजे ठोसा तोच. सोपं, पण आवाज होतो, दुपारी घरातली माणसं झोपलेली असताना ठक ठक ठक करायची आमच्याकडे परवानगी नाही. दुसरा तोडगा म्हणजे लिव्हरवाला प्रेस. इथं काकांचं टिचबटण येतं. शिंप्याकडे किंवा पर्सवाल्याकडे टिचबटण मारायचं हातमशीन बघितलंय ना? वर पंच, खाली ठोकळा, बाजूला दांडा, दांडा ओढला की पंच खाली. रिवेट प्रेस हुबेहूब तसाच, फक्त खालच्या ठोकळ्याला, म्हणजे ऐरणीला, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास एक भोक असतं. पत्रा पुढची बाजू खाली करून ऐरणीवर ठेवायचा, मागची खळगी वर, पंच त्या खळगीत उतरतो आणि धातू खालच्या भोकात ढकलतो. भोकाची रुंदी रिवेटची रुंदी ठरवते, पंच किती खाली आला ते उंची ठरवतं.

आणि पंच किती खाली येणार हे तुमच्या हातावर सोडलेलं नसतं, तिथं एक स्टॉपचा स्क्रू असतो. लोकांना वाटतं प्रेसचे पैसे दाबण्यासाठी द्यायचे, दाबायला तर अंगठाही पुरतो, पैसे असतात ते वेळेवर थांबण्याचे. माझ्या प्रेसवर तो स्क्रू एम ३ चा आहे, त्याचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे एक फेरा दिला तर पंच अर्धा मिलिमीटर सरकतो, फेऱ्याचा आठवा भाग दिला तर ०.०६. सुरुवातीला मोकळा ठेवायचा आणि किटच्या चौकटीचा जो वाया जाणारा पत्रा असतो त्यावर एक एक रिवेट मारत, आठव्या आठव्या भागानं वाढवत न्यायचं, एखादा फाटेपर्यंत. फाटला की दोन पावलं मागं. हे केल्याशिवाय खऱ्या साइडला हात लावू नका, मी हात जोडून सांगतो.

माझा प्रेस लेथवाल्याकडून बनवून घेतलेला आहे, टिचबटणाच्या मशीनवरूनच सुचलं. पण ते मशीन जसंच्या तसं चालत नाही बरं का, मी करून बघितलं, त्याचा दांडा इकडून तिकडे हलतो, कापडाला चालतं, इथं मिलिमीटरचा दहावा भाग हलला तरी खेळ खलास. पंच आणि भोक एका सरळ रेषेत पाहिजेत. तपासायचं कसं? पातळ पत्र्यावर एक रिवेट मारा आणि भिंगातून बघा, कडा चहूकडून सारखी गोल दिसली तर ठीक, एका बाजूला चंद्रकोर दिसली तर पंच त्या बाजूला घासतोय. लेथवाल्यानं तीन वेळा ऐरण पुन्हा बनवली, चौथ्यांदा मला बघून त्यानं शटर ओढायचंच बाकी ठेवलं होतं. पंच केला तुटलेल्या ड्रिलच्या मागच्या दांडीचा, टोक ऑइलस्टोनवर गोल केलं. टोक टोकदार ठेवू नका, टोकदार पंच धातू ताणत नाही, फाडतो.

प्रत्यक्ष काम करताना डोळ्यापेक्षा बोट जास्त कामाचं. पंच हलकेच उतरवायचा, पत्रा डाव्या हातानं किंचित हलवत राहायचा, टोक खळगीत पडलं की बोटाला टक असं जाणवतं, मगच दांडा पूर्ण ओढायचा. सुरुवातीला एकेका रिवेटला दहा सेकंद लागतात, नंतर हात बसला की कुळीथ निवडल्यासारखं सुरू राहतं, डोकं कुठंतरी भलतीकडेच. त्यातच चूक होते.

क्रम मात्र चुकवायचा नाही. सगळे रिवेट पत्रा सपाट असताना, चौकटीतून कापायच्या आधी मारून घ्यायचे. एकदा साइड कापून घडी घातली की तो भाग प्रेसच्या जबड्यात शिरतच नाही. मी एकदा शेवटच्या पट्टीवरचे चार रिवेट विसरलो, घडी घातल्यावर आठवले, मग ती पट्टी पुन्हा सरळ केली, आणि हाफ एचची घडी एकदाच घालायची असते, दुसऱ्यांदा वाकवली की ती रेघेवर मोडते. मोडली. आता मारलेल्या प्रत्येक रांगेशेजारी चौकटीवर स्केचपेननं रेघ ओढतो, किराणा दुकानदार यादीवर टिक करतो तशी.

दुसरी भानगड म्हणजे पत्रा वाकतो. प्रत्येक रिवेट धातूला थोडा थोडा ताणतो, आणि तो ताण एकाच रांगेत पडला की पट्टी पापड तळल्यासारखी वळते. रुंद साइडला कमी जाणवतं, पण चॅसीच्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या तर धनुष्य होतात. घाबरायचं नाही आणि हातोडी तर मुळीच घ्यायची नाही, हातोडीनं पट्टी सरळ होते पण रिवेटही सपाट होतात, मग कशाला मारले होते? रिवेट खाली करून जाड वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवायचं आणि मागून हलक्या हातानं लाटणं फिरवायचं, रिवेट कागदात रुततात, पट्टी सरळ होते. (लाटणं जुनं घ्या, पोळपाटाजवळचं घेतलं की जे होतं ते माझं झालंय.) पट्टी चौकटीला जोडलेली असताना जेवढं सरळ करता येतं तेवढं सुटी केल्यावर येत नाही, म्हणूनसुद्धा आधी कापायचं नाही.

रिवेट चुकीच्या जागी पडला तर? पत्र्याची मागची बाजू सपाट पॉलिश केलेल्या लोखंडावर ठेवून रिवेट पुढूनच हलकं दाबून बसवायचा, मागच्या खड्ड्यात सोल्डर भरायचं, आणि पुढून बारीक पॉलिश पेपर. आरपार गेला असेल तर भोकातून सोल्डर पुढे येऊ द्यायचं आणि त्याचाच गोळा रिवेट म्हणून खपवायचा. पेंटखाली कोणाला कळत नाही. मला कळतं, पण ते आता चालतं.

सोल्डरिंगबद्दल थोडक्यातच, तो वेगळाच मोठा विषय आहे, आमच्या जळगावच्या सराफ बाजारात एखाद्या कारागिराला डाग देताना अर्धा तास बघत बसलात तर माझ्या दहा पानांपेक्षा जास्त कळेल. रिवेटवाल्या पट्ट्या बऱ्याचदा मुख्य अंगावर वरून बसवायच्या असतात. पट्टीच्या मागे सोल्डरचा पातळ हात द्यायचा, रिवेटच्या खळग्या त्यानं भरून जातात, म्हणजे नंतर दाब पडला तरी रिवेट चेपत नाहीत, मग पट्टी जागेवर धरून वरून इस्त्री फिरवल्यासारखं सोल्डरिंग आयर्न फिरवायचं. साधं साठ-चाळीसचं (कथील-शिशाचं) सोल्डर १८३ डिग्रीला वितळायला लागतं. ब्रिटनमध्ये १४५ ला वितळणारंही मिळतं, ते नंतरच्या बारीक भागांना वापरतात, म्हणजे आधीचे जोड सुटत नाहीत. फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचं रसायन) मात्र धुवायला विसरू नका, नाहीतर महिन्याभरात पितळ असं कळकतं की ताक ठेवलं होतं काय त्यात असं वाटतं. मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे गेला की फ्लक्स लावेपर्यंत वाळतो, ते महिने मी फक्त रिवेट मारतो, सोल्डरिंग पावसाळ्यावर ढकलतो.

आणि पेंट पातळ. एवढी मेहनत करून ०.१७ उंचीचे रिवेट काढायचे आणि वरून प्राइमरचे तीन जाड हात द्यायचे म्हणजे भरितावर वरण ओतल्यासारखं. एक पातळ हात, मग रंग, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशनं थोडा फिका रंग रांगेवरून फिरवला की प्रत्येक रिवेट उठून येतो.

आता माझं पुढचं खूळ. बाहेरची किटं बाहेरच्या वॅगनची असतात, आपल्या जुन्या चारचाकी बंद वॅगनची साइड मला स्वतः बनवायची आहे, साध्या पितळी पत्र्यातून, म्हणजे मागे खळग्या नाहीत, खूण नाही, काहीच नाही. अशा वेळी प्रेसखाली सरकणारं टेबल लावतात, एक स्क्रू आडवा सरकवतो, एक उभा, पत्रा टेबलाला चिकटवून टाकायचा आणि स्क्रू फिरवून अंतर मोजायचं. महागडे स्क्रू आणायची गरज नाही, हार्डवेअरच्या दुकानातला एम ६ चा लांब आट्याचा दांडा घ्या, त्याचा आटा एक मिलिमीटरचा असतो, एक पूर्ण फेरा म्हणजे टेबल एक मिलिमीटर पुढं. आणि फुटाला चार मिलिमीटर ह्या मापात तीन इंच म्हणजे बरोब्बर एक मिलिमीटर. म्हणजे खऱ्या वॅगनवर रिवेट तीन इंचांवर असतील तर एक फेरा, एक ठोसा, एक फेरा, एक ठोसा. चार इंचांवर असतील तर एक फेरा आणि तिसरा भाग, त्यासाठी हँडलच्या चकतीवर तीन खुणा करून ठेवल्यात. स्क्रू नेहमी एकाच दिशेनं फिरवायचा, उलटा आणला की आट्यातला ढिलेपणा मध्ये येतो आणि पुढचा रिवेट अर्धा केस सरकतो. काका काल पुन्हा खिडकीत आले, काहीतरी विचारत होते, मी बत्तिसाव्या फेऱ्यावर होतो म्हणून नुसती बोटं दाखवली.